समुद्रावर उतरलेले विमान

आकाशात चाललेल्या विमानाचे एंजिन एकाएकी बंद पडले तर काय होईल, असा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक मुले तत्काळ उत्तर देतात, "विमान दगडासारखे खाली कोसळेल." उत्तर स्वाभाविक आहे, परंतु ते बरोबर नाही.

घाटातून सायकलवर उतरणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. उतार लागला की तो पाय स्थिर ठेवतो, आणि तरीही सायकल धावतच राहते. एंजिन बंद पडलेल्या विमानाचे तसेच आहे. विमानाला आकाशात तोलून धरते ती त्याच्या पंखांवरून वाहणारी हवा. एंजिनाचे काम विमानाला पुढे रेटण्याचे, म्हणजे तो हवेचा प्रवाह चालू ठेवण्याचे. ते काम एंजिनाने सोडले, तर वैमानिक विमानाचे नाक किंचित खाली करतो आणि आपल्याजवळची उंची खर्च करून तोच वेग मिळवतो. विमान जणू हवेच्या एका अदृश्य उतारावरून घसरत जाते. चार माणसांचे सेसना 172 हे लहान विमान एक किलोमीटर उंचीवर असताना त्याचे एंजिन थांबले, तर वारा नसताना ते जमिनीला टेकेपर्यंत सुमारे नऊ किलोमीटर अंतर कापू शकते. त्याला साडेचार मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने खालचा प्रदेश न्याहाळावयाचा, एखाद्या चुलीच्या किंवा भट्टीच्या धुरावरून वाऱ्याची दिशा ओळखावयाची, विजेच्या तारा व झाडे टाळून एखादे सपाट शेत निवडावयाचे, आणि वाऱ्याकडे तोंड करून तेथे अलगद उतरावयाचे. वैमानिकाच्या शिक्षणात हा धडा अगदी आरंभीच येतो आणि तो पुनःपुन्हा गिरवून घेतला जातो.

मग अपघात का होतात? पुष्कळदा ते मोहामुळे होतात. समोरचे शेत ओबडधोबड दिसते; मागे राहिलेला विमानतळ चांगला असतो. थोडे ताणले तर तेथवर पोहोचू, असे मनाला वाटते. म्हणून वैमानिक विमानाचे नाक वर उचलतो. उंची टिकावी हा त्याचा हेतू. पण त्यामुळे वेग कमी होतो, पंखांवरील प्रवाह विस्कळित होतो, आणि मग मात्र ते विमान खरोखरच दगडासारखे पडते. जी जागा हवी आहे ती सोडून जी मिळण्याजोगी आहे ती स्वीकारणे, आणि तेही वेळ हातात असतानाच, हे या विद्येतील सर्वांत अवघड अंग होय.

हे झाले जमिनीवरून जाणाऱ्या विमानाविषयी. परंतु खाली शेत नाही, माळ नाही, चोहोकडे शेकडो मैल महासागर पसरलेला आहे आणि वर आकाशात एकच एंजिन कुरकुरत आहे, अशी वेळ आली तर? विमानविद्या बाल्यावस्थेत होती त्या काळी, 1919 साली, दोन माणसांवर अशी वेळ आली होती. त्यांचीच ही हकीगत आहे.

त्या वेळी पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. लंडनच्या 'डेली मेल' या वृत्तपत्राने 1913 सालीच एक मोठे बक्षीस जाहीर केले होते. अमेरिका, कॅनडा अथवा न्यूफाउंडलंड येथून निघून अटलांटिक महासागर ओलांडून 72 तासांच्या आत जो ब्रिटन किंवा आयर्लंडला विमानाने पोहोचेल, त्याला दहा हजार पौंड मिळावयाचे होते. युद्धामुळे ही स्पर्धा मागे पडली. युद्ध थांबताच ती पुन्हा जाहीर झाली, आणि 1919 च्या वसंतऋतूत न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स या गावी स्पर्धक जमू लागले.

त्यांत हॅरी हॉकर हा एक होता. तो ऑस्ट्रेलियातील एका लोहाराचा मुलगा. त्याचा जन्म 1889 सालचा. शाळेत त्याचे मन रमले नाही. कोवळ्या वयातच तो मोटारींच्या कारखान्यात काम शिकू लागला. पुढे 1911 साली तो इंग्लंडला गेला आणि सॉपविथ यांच्या विमानांच्या कारखान्यात मिस्त्री म्हणून लागला. थोड्याच काळात तो उड्डाण शिकला आणि त्याच कारखान्याचा प्रमुख वैमानिक झाला. हात काळे करून एंजिन खोलणाऱ्या माणसाला त्याच्या आवाजावरूनच पुष्कळ गोष्टी कळतात. हॉकरचे हे ज्ञान पुढे त्याच्या कामी आले. त्याच्याबरोबर वाट दाखविण्यासाठी नौदलातील एक अधिकारी होता, मॅकेन्झी-ग्रीव्ह. सूर्य व तारे यांचे वेध घेऊन आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहोत हे सांगणे त्याचे काम.

त्यांचे विमान दुहेरी पंखांचे व लाकडी सांगाड्याचे होते. त्याला रोल्स-रॉइस कंपनीचे सुमारे साडेतीनशे अश्वशक्तीचे एकच एंजिन होते. विमानाच्या पाठीचा एक भाग म्हणजे उलटी बसविलेली छोटीशी होडीच होती. वेळप्रसंगी ती सोडवून पाण्यात टाकता येई. आणखी एक युक्ती हॉकरने केली होती. उड्डाण झाल्यावर चाकांचा सारा सांगाडा खाली सोडून द्यावयाचा, म्हणजे वारा कमी अडेल आणि वेग वाढेल, अशी ती योजना होती. चाके टाकली म्हणजे पुन्हा जमिनीवर नीट उतरता येणार नाही, हे त्याला ठाऊक होते. बक्षिसासाठी त्याने ते पत्करले.

परंतु बर्फ, चिखल आणि वादळे यांमुळे कित्येक आठवडे कोणालाच निघता येईना. इतक्यात बातमी आली की, अमेरिकेच्या नौदलाच्या जलविमानांपैकी एक अझोर्स बेटांपर्यंत पोहोचले आहे. ती विमाने टप्प्याटप्प्याने जात असल्यामुळे बक्षिसाच्या स्पर्धेत नव्हती. पण अटलांटिक प्रथम ओलांडल्याचा मान तीच घेणार असे दिसू लागले. मग हॉकरला राहवले नाही. हवामान पुरते अनुकूल नसतानाही 18 मे 1919 रोजी दुपारी, पेट्रोलाच्या भाराने जड झालेले ते विमान त्याने कसेबसे वर उचलले, किनारा ओलांडताच चाके समुद्रात टाकली, आणि पूर्वेची वाट धरली. त्याच दिवशी त्याच्यामागून निघू पाहणाऱ्या रेनहॅमचे विमान जमीन सोडतानाच मोडले.

पहिले काही तास ठीक गेले. मग रात्र झाली, ढग दाटून आले, आणि निघाल्यापासून पाचेक तासांनी हॉकरच्या ध्यानात आले की, एंजिनाभोवती खेळणारे पाणी प्रमाणाबाहेर तापत आहे.

येथे थोडे थांबून हे पाणी कशासाठी असते ते समजून घेऊ. एंजिनात पेट्रोलाचे सतत लहान लहान स्फोट होत असतात. त्यांच्या उष्णतेने धातू वितळून जाऊ नये म्हणून एंजिनाभोवती पाणी फिरवितात. तापलेले पाणी रेडिएटर नावाच्या जाळीत जाऊन वाऱ्याने थंड होते आणि परत येते. वाटेत एक गाळणी असते. हॉकरचा तर्क असा की, रेडिएटरमधील गंजाचे अथवा डाकाचे कण सुटून ही गाळणी तुंबली असावी. गाळणी तुंबली की पाणी फिरत नाही. पाणी फिरले नाही की ते उकळू लागते. आणि उकळलेले पाणी वाफ होऊन निघून जाते. आकाशात ते पुन्हा भरणार कोण?

त्यात सृष्टीचा एक नियम त्याच्या विरुद्ध उभा राहिला. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून तेथे पाण्याला लवकर आधण येते. दहा हजार फुटांवर ते शंभराऐवजी नव्वद अंशांच्या सुमारासच उकळते. खालच्या ढगांत वादळ, म्हणून वर चढावयाचे. वर चढण्यासाठी एंजिनाला अधिक श्रम. अधिक श्रमांनी पाणी अधिक तापावयाचे. आणि वर गेल्यावर ते आणखी लवकर उकळावयाचे! हॉकर अशा कात्रीत सापडला.

त्याने एक धाडसी उपाय योजला. एंजिन बंद करून त्याने विमान वेगाने खाली सोडले, हेतू हा की, झटक्याने गाळणीतील कचरा हलावा आणि पाणी थंड व्हावे. उपाय लागू पडला. सुमारे तासभर सारे सुरळीत चालले. मग पुन्हा पाणी तापू लागले. त्याने पुन्हा तेच केले. पण या वेळी फरक पडला नाही, उलट त्रास वाढला. मागच्या बाजूस बसलेल्या ग्रीव्हची स्थितीही बरी नव्हती. ढगांमुळे त्याला तारे दिसत ना. फटीतून एखादा तारा मिळाला तेव्हा हिशेब करता कळले की, वाऱ्याने त्यांना वाटेपासून पुष्कळ दक्षिणेकडे ढकलले आहे.

पहाट झाली तेव्हा समोर काळ्या ढगांची भिंत उभी होती. ती ओलांडण्याइतके वर चढावे तर उरलेसुरले पाणीही उकळून जाणार. म्हणून हॉकरने एंजिन थांबवून विमान ढगांखाली उतरविण्यास आरंभ केला. खाली आल्यावर त्याने एंजिन सुरू करावयास पाहिले, तर ते सुरूच होईना! खवळलेला समुद्र भराभर जवळ येत होता. ग्रीव्ह हाताने पेट्रोलचा पंप जिवाच्या आकांताने चालवू लागला. लाटा अगदी विमानाखाली येऊन ठेपल्या असता एंजिन एकदाचे गर्जून उठले आणि विमान पुन्हा वर चढले.

आता दोघांनाही परिस्थिती स्वच्छ दिसली. एंजिन अजून चालत होते. वाट सरळ पुढे, आयर्लंडकडे जात होती. दहा हजार पौंड पुढे होते, कीर्ती पुढे होती. कदाचित पाणी पुरेल, कदाचित गाळणी आपोआप मोकळी होईल, अशी आशाही करता आली असती. परंतु हॉकर मिस्त्री होता. असे एंजिन किती वेळ सोबत करील याचा त्याला अंदाज होता. त्याने आयर्लंडची वाट सोडली आणि ज्या पट्ट्यातून आगबोटींची नेहमी ये-जा असते, त्या बाजूस विमान वळविले. तेथे पोहोचल्यावर तो नागमोडी मार्गाने फिरू लागला, कारण सरळ गेल्याने समुद्राची एक अरुंद पट्टीच नजरेखाली येते, नागमोडी गेल्याने अधिक रुंद भाग दिसतो.

माझ्या मते या साऱ्या हकीगतीत सर्वांत कठीण क्षण पाण्यावर उतरण्याचा नसून हा वळण्याचा होता. एंजिन पुरते बंद पडल्यावर उतरावेच लागते. त्यात निवड उरत नाही. एंजिन चालू असताना, बक्षीस हाताच्या अंतरावर वाटत असताना वळणे ही गोष्ट वेगळी. आणखी तासभर तो पुढे गेला असता आणि मग एंजिन थांबले असते, तर त्याला पाण्यावर उतरता आले असते यात शंका नाही. पण रिकाम्या समुद्रावर त्या उतरण्याचा उपयोग काय?

ते दोन तासांहून अधिक काळ असे शोधत राहिले. धुके होते, वारा सोसाट्याचा होता. अखेर धुक्यातून एका आगबोटीचा काळसर आकार एकदम पुढे आला. हॉकरने तिच्यावरून घिरट्या घातल्या, ग्रीव्हने लाल प्रकाशाचे बाण उडविले. डेकवर माणसे आलेली दिसताच हॉकर आगबोटीच्या पुढे गेला आणि वाऱ्याकडे तोंड करून त्याने विमान लाटांवर टेकविले.

आणि येथे त्या टाकून दिलेल्या चाकांनी उपकार केला. चाके खाली लोंबत असती, तर पाण्यात प्रथम तीच अडकली असती आणि विमान नाकावर उलथले असते. वेग वाढावा म्हणून केलेली युक्ती जीव वाचविण्यास कारण झाली! पेट्रोलाच्या बऱ्याचशा रिकाम्या झालेल्या टाक्यांमुळे विमान तरंगतही राहिले. लाटा मात्र इतक्या उंच होत्या की, आगबोटीवरील खलाशांना होडी घेऊन त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास व दोघांना वर घेण्यास तासाहून अधिक वेळ लागला. विमान ओढून घेणे अशक्य होते. ते तेथेच सोडावे लागले, आणि त्यात टपालाची थैलीही राहिली. त्यांच्या हवाई टपालासाठी न्यूफाउंडलंडच्या टपालखात्याने मुद्दाम छापून घेतलेली तिकिटे त्या पत्रांवर होती.

ही आगबोट डेन्मार्कची होती. तिचे नाव 'मेरी'. कप्तान व खलाशी यांनी दोघांचे उत्तम आदरातिथ्य केले. पण आगबोट लहान व जुनी; तिच्यावर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. आपण जिवंत आहोत, एवढे दोन शब्द जगाला कळविण्याचे कोणतेही साधन त्या दोघांजवळ उरले नाही. एवढे आकाश ओलांडून आलेली माणसे आता आगबोटीच्या संथ गतीने किनाऱ्याकडे चालली होती.

इकडे इंग्लंडमध्ये 19 मे उजाडला, मावळला. विमान आले नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. वृत्तपत्रांनी आशा सोडली. लंडनजवळच्या घरी हॉकरची पत्नी म्यूरिएल तान्ह्या मुलीला घेऊन वाट पाहत होती. तिला राजा पंचम जॉर्ज यांची सांत्वनाची तार आली. राजाची तार आली म्हणजे सगळे संपले, असेच कोणालाही वाटावे. परंतु ती बाई खचली नाही. पती परत येईल ही तिची श्रद्धा होती आणि ती तिने अखेरपर्यंत सोडली नाही. विमानात बसलेल्यांच्या धैर्याचे वर्णन सगळेच करतात. घरात बसून सहा दिवस असे काढणाऱ्यांच्या धैर्याकडे आपले लक्ष क्वचित जाते.

25 मे रोजी रविवार होता. स्कॉटलंडच्या वायव्येस लुईस नावाचे बेट आहे. त्याच्या उत्तर टोकावरील टेहळणीच्या ठाण्यासमोरून एक लहानशी आगबोट जाऊ लागली आणि तिच्यावर निशाणे चढली. समुद्रावरील माणसांची ही निशाणांची भाषा ठाण्यावरील लोकांनी वाचली: सॉपविथ विमानातील माणसांना आम्ही वाचविले आहे. ठाण्यावरून घाईघाईने प्रतिप्रश्न गेला: हॉकर आहे काय? होय, असे उत्तर आले. तारा खडखडू लागल्या, आणि काही तासांतच ती बातमी देशभर पोहोचली. नौदलाची एक विनाशिका 'मेरी'कडे धावली आणि दोघांना तिने किनाऱ्याकडे आणले. पुढे लंडनला त्यांचे जे स्वागत झाले, ते विजयी सेनापतीला शोभण्यासारखे होते. राजाने त्यांना भेटीस बोलावून हवाई दलाचे पदक दिले. 'डेली मेल'नेही प्रयत्नाच्या गौरवार्थ पाच हजार पौंड देऊ केले.

दहा हजार पौंडांचे बक्षीस मात्र अल्कॉक आणि ब्राउन या जोडीने मिळविले. ते 14 जून 1919 रोजी न्यूफाउंडलंडहून निघाले आणि सोळा तासांच्या आत दुसऱ्या दिवशी सकाळी आयर्लंडला पोहोचले. त्यांच्या विमानाला दोन एंजिने होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांची एंजिने शेवटपर्यंत उत्तम चालली. पण उतरताना तेही फसले! वरून त्यांना क्लिफ्डन गावाजवळ एक सुंदर हिरवे कुरण दिसले. ते कुरण नव्हते, दलदल होती. चाके चिखलात रुतली आणि विमान नाकावर उभे राहिले. सुदैवाने दोघांना इजा झाली नाही. आकाशातून सारेच हिरवे सारखे दिसते. म्हणून उतरण्याची जागा निवडताना केवळ रंगावर विसंबू नये, असे वैमानिकांना आजही शिकवितात.

हॉकरने पुढच्याच वर्षी, 1920 साली, आपल्या नावाने विमानांचा कारखाना सुरू केला. दुर्दैवाने 12 जुलै 1921 रोजी, एका स्पर्धेसाठी सराव करीत असता त्याचे विमान हेंडन येथे कोसळले आणि त्यात त्याचा अंत झाला. तो अवघा बत्तीस वर्षांचा होता. कारखाना मात्र वाढत गेला. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली 'हरिकेन' विमाने त्याच कारखान्याची. ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांनी ती चालविली. डिसेंबर 1971 मध्ये राजस्थानच्या वाळवंटात लोंगेवाला येथे शत्रूचे रणगाडे ज्या 'हंटर' विमानांनी रोखले, तीही त्याच परंपरेतील. त्यांच्या पुऱ्या नावात 'हॉकर' हा शब्द आहे. तो त्या लोहाराच्या मुलाचाच.

राहता राहिले ते समुद्रात सोडून दिलेले विमान. ते बुडाले असेल, असे सर्वांनी धरले होते. परंतु 'मेरी' अजून वाटेत असतानाच एका अमेरिकन जहाजाला ते लाटांवर हेलकावत असलेले आढळले. जहाजाच्या लोकांनी ते उचलून इंग्लंडला आणले. लंडनमध्ये ते मोडके विमान लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आले. टपालाची थैलीही त्यातच सापडली. आतील पत्रे खाऱ्या पाण्याने भिजून गेली होती. ती वाळविण्यात आली आणि ज्यांची त्यांना पोहोचती करण्यात आली.